कात्रण, स्फूर्ती आणि उचल: रोजच्या ‘बघण्या’ची पार्श्वभूमी

‘स्फूर्तीसाठी बघतोय’ असं कामाच्या वेळेत न ओशाळता म्हणता येऊ लागलं, त्याला फार काळ झालेला नाही. डिझाइन, जाहिरात, चित्रकला, पुस्तकांची मांडणी यांपैकी कशातही असलेल्या माणसाचा दिवस आता बहुधा दुसऱ्यांची कामं पडद्यावर चाळण्याने सुरू होतो, आणि त्याला कुणी टाइमपास म्हणत नाही. या सवयीची गोष्ट सहसा इंटरनेटपासून सांगितली जाते. माझ्या मते ती कात्री आणि डिंकाच्या बाटलीपासून सांगायला हवी.

त्याही मागे जायचं, तर युरोपात शिकणारे आणि शिकवणारे वाचलेल्यातले उतारे विषयवार वहीत उतरवून ठेवत. वही भरत गेली की हवं ते सापडेना. १६८६ मध्ये एका इंग्रज तत्त्वज्ञाने एका फ्रेंच नियतकालिकात यावरचा तोडगा छापला: शीर्षकाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, एवढ्यावर उभी असलेली दोन पानांची सूची. टिपून घेणं सोपं, पुन्हा सापडणं कठीण, हे त्याने ओळखलं होतं. शेकडो पानं ‘सेव्ह’ करून विसरून गेलेल्यांना त्याचं दुखणं लगेच कळेल.

चित्रांच्या बाबतीत उलथापालथ झाली ती यंत्रांमुळे. कापड, भिंतीचे कागद, भांडी भराभर निघू लागली आणि त्यांवर काढायची नक्षी कमी पडू लागली. लंडनमध्ये १८५१ चं महाप्रदर्शन संपल्यावर त्यातल्या काही वस्तू घेऊन दुसऱ्याच वर्षी एक संग्रहालय सुरू झालं. कारागिरांनी आणि कारखानदारांनी चांगलं काम डोळ्यांखालून घालावं, हा हेतू. पुढे नव्या जागेत ते गॅसच्या दिव्यांवर संध्याकाळीही उघडं राहू लागलं, कारण दिवसभर राबणाऱ्याला दुसरी वेळ नव्हती. सुरुवातीच्या दिवसांत तिथे चुकीच्या तत्त्वांवर बेतलेल्या वस्तूंचंही एक दालन होतं. वाईट नक्षी कशी असते, हे दाखवायला मुद्दाम मांडलेलं. लोकांनी त्याला ‘भयदालन’ म्हणायला सुरुवात केली. ज्यांचा माल तिथे टांगला होता ते कारखानदार खवळले आणि दालन लवकरच गुंडाळावं लागलं. त्यानंतर स्फूर्तीच्या प्रत्येक संग्रहात फक्त उत्तम तेवढंच ठेवायची रीत पडली. मला ते नुकसान वाटतं. वाईट का वाईट आहे, हे बघूनही हात सुधारतो.

१८५६ मध्ये लंडनमध्येच जगभरच्या नक्ष्यांचं एक भव्य पुस्तक निघालं. शंभर रंगीत पानं, शिळाछाप. संकलन करणाऱ्या वास्तुविशारदाने प्रस्तावनेतच सांगितलं होतं की नुसती नक्कल करण्याची आपल्या काळाची खोड मोडावी, म्हणून हा खटाटोप. पानांपानांतून सारखी असणारी तत्त्वं लोकांनी शोधावीत, अशी त्याची अपेक्षा होती. घडलं उलटंच. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते पुस्तक उघडलं, हवी ती नक्षी निवडली आणि छापून टाकली.

विसाव्या शतकात हा साठा सार्वजनिक झाला. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ग्रंथालयात १९१५ पासून मासिकं, जुनी पुस्तकं, जाहिराती यांतली चित्रं कापून विषयवार पाकिटांत ठेवायला सुरुवात झाली. आज ती चित्रं दहा लाखांहून अधिक आहेत, सुमारे बारा हजार विषयांखाली. चित्रकार, वेशभूषाकार, जाहिरातवाले तिथे येत, पाकीट उपसत, चित्रं घरी नेत. सगळेच परत करत असं नाही. पुढे फार प्रसिद्ध झालेल्या एका चित्रकाराने इथूनच शीतपेयाच्या जाहिरातींची कात्रणं नेली होती. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत अशा कात्रणांच्या खोलीला इंग्रजीत चक्क ‘शवागार’ म्हणत. तिथल्या मेलेल्या बातम्या अधूनमधून उठून बसत, हे त्या नावात आलंच.

पण आपल्या आजच्या सवयीला तिचं तत्त्वज्ञान मिळालं ते १९४० मध्ये, एका अमेरिकन जाहिरातलेखकाच्या अगदी लहानशा पुस्तकातून. कल्पना म्हणजे जुन्याच घटकांची नवी जुळणी, एवढंच त्याचं म्हणणं. त्यासाठी त्याने पाच पायऱ्या सांगितल्या: कच्चा माल गोळा करा, तो मनात घोळवा, मग तो विषय पार सोडून द्या, कल्पना आपसूक येईल, आली की तिला उजेडात आणून ठाकूनठोकून घ्या. चौदा वर्षं आधी, १९२६ मध्ये, एका इंग्रज समाजशास्त्रज्ञाने जवळपास हेच चार टप्प्यांत मांडलं होतं. जाहिरातलेखकाची भर कच्च्या मालाबद्दलची. तो दोन प्रकारचा, असं तो सांगे: एक ज्या वस्तूची जाहिरात करायची तिच्याबद्दलचा आणि तिच्या गिऱ्हाइकाबद्दलचा, दुसरा जगातल्या कशाहीबद्दलचा. पहिला कामापुरता गोळा करायचा, दुसरा जन्मभर. त्यासाठी छोटी कार्डं आणि चिकटवह्या ठेवा, असंही त्याने सुचवलं. उदाहरण शोभादर्शकाचं दिलं: काचेचे तुकडे जितके जास्त, तितक्या आकृत्या जास्त.

‘वेगळ्याच विषयाचं पुस्तक वाचा’, ‘संग्रहालयात जा’, ‘दुकानाच्या काचा बघा’ हे सगळे सल्ले त्या दुसऱ्या प्रकारच्या मालातून निघालेले आहेत. आज मात्र फक्त तो दुसरा प्रकार शिल्लक राहिला आहे. ज्या वस्तूची जाहिरात करायची तिच्याबद्दल कंटाळा येईपर्यंत वाचायचं, हा पहिला भाग कुणी सांगत नाही. तो स्फूर्तिदायक दिसत नाही ना!

त्याच सुमारास मानसशास्त्रालाही जाग आली. १९५० मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात आकडा मांडला गेला की मानसशास्त्रीय लेखनाच्या आधीच्या तेवीस वर्षांतल्या सुमारे १,२१,००० नोंदींपैकी सर्जनशीलतेवरच्या अवघ्या १८६ होत्या. जाहिरात क्षेत्रातून आलेल्या विचारमंथनाच्या बैठका तोवर फोफावू लागल्या होत्या. १९५८ च्या एका प्रयोगात मात्र एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळ्या बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जवळपास दुप्पट भरली. बैठका थांबल्या नाहीत.

आता शब्दांचा गुंता, कारण या विषयातली बहुतेक भांडणं शब्दांतूनच सुरू होतात. जाहिरातीच्या धंद्यात दुसऱ्यांच्या कामांच्या कात्रणांच्या फाइलला ‘स्वाइप फाइल’ म्हणायची पद्धत पडली. आज स्वाइप म्हटलं की मोबाइलवर फिरणारं बोट आठवतं, पण तिथे त्याचा अर्थ सरळ ‘ढापणं’ असा आहे. चित्रकथा काढणारेही दुसऱ्याच्या चौकटीतली पोझ उचलली की हेच क्रियापद वापरत. नाव प्रामाणिक होतं. आपण काय करतोय, हे फाइलच्या मालकाला ठाऊक होतं, आणि म्हणून कुठे थांबायचं याचा थोडाफार अंदाजही होता.

मग शब्द बदलला आणि ‘इन्स्पिरेशन’ आला. मराठीत त्याच्यासाठी आपण दोन शब्द वापरतो, आणि दोन्ही अडचणीचे. स्फूर्तीच्या मुळाशी आहे स्फुरण, म्हणजे आतून लकाकणं. प्रेरणेच्या मुळाशी आहे ढकलणं, चालना देणं. दोन्हींत ‘साठा’ हा अर्थ कुठेच नाही. तरी आपण ‘स्फूर्ती गोळा करतो’. वीज पोत्यात भरावी तसं हे झालं. कात्रण गोळा करता येतं, स्फूर्ती नाही. शिवाय कुणाचं काम उघड उघड उचललेलं सापडलं की ‘प्रेरणा घेतली’ हाच शब्द पांघरुणासारखा पुढे केला जातो. एकच शब्द चालना, कच्चा माल आणि चोरी या तिन्हींसाठी राबत असेल, तर वाद होणारच.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या जुन्या काव्यशास्त्रात या तिन्हींना वेगवेगळे शब्द होते. काव्य तीन गोष्टींनी घडतं, असं अकराव्या शतकातल्या एका ग्रंथात सांगितलं आहे: शक्ती, निपुणता आणि अभ्यास. शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा. निपुणता येते ती लोक, शास्त्रं आणि काव्य यांच्या ‘अवेक्षणा’तून, म्हणजे नीट निरखण्यातून. रोजच्या बघण्याला याहून चोख नाव मला माहीत नाही. या बहुश्रुतपणाला शास्त्रकार ‘व्युत्पत्ती’ही म्हणत. तो शब्द आपण शब्दांची मुळं शोधण्यापुरता ठेवला आणि मूळ अर्थाची जागा रिकामी झाली. त्याच रिकाम्या जागेत ‘इन्स्पिरेशन’ येऊन बसलं, असं मला वाटतं.

उचलेगिरीचीही तिथे बारकाईने वर्गवारी आहे. नवव्या शतकातला एक काश्मिरी आचार्य दोन कृतींमधलं साम्य तीन प्रकारचं मानतो: आरशातल्या प्रतिबिंबासारखं, चित्रासारखं आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन देहांसारखं. पहिल्या प्रकाराला स्वतःचा आत्मा नसतो, दुसऱ्याचा असून नसल्यासारखा, म्हणून ते दोन्ही टाळावेत. तिसरा खुशाल घ्यावा, कारण चेहरा सारखा असला तरी माणूस वेगळा आहे. पुढच्या काळातला एक कवी तर कवीच्या दिवसाची प्रहरवार वाटणीच करून देतो: आधी शास्त्रांचं वाचन, मग रचना, जेवणानंतर काव्यगोष्ठी, चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची तपासणी. खडू, फळी, दौत, ताडपत्रं हाताशी ठेवावीत, हेही सांगतो. आणि तोच पुढे बिनदिक्कत म्हणतो की चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला व्यापारी नाही, ज्याला लपवता येतं त्याचं निभावतं.

मराठीत ‘उचल’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो मला इथे नेहमी आठवतो: मजुरीवर आगाऊ घेतलेले पैसे. ती उचल फेडायची असते. चिकटवहीतल्या कात्रणांकडे त्या अर्थाने बघितलं, तर ‘प्रेरणा की चोरी’ हा वाद बराचसा हिशेबाचा होतो. घेतलं त्यात स्वतःचं किती घातलं?

छापील काळाचा शेवटचा मोठा टप्पा वार्षिकांचा. न्यूयॉर्कमधल्या कलादिग्दर्शकांनी १९२१ मध्ये जाहिरातकलेचं पहिलं प्रदर्शन भरवलं आणि निवडक कामांचं पुस्तक काढलं. १९४४ मध्ये झुरिकमधून दृश्यकलेचं एक देखणं नियतकालिक सुरू झालं, साठच्या दशकात लंडनची वार्षिकं आली. ही पुस्तकं महाग, जड, आणि हाती पडेपर्यंत जुनी. कपाटात एकच प्रत, तिला कुलूप, आणि किल्ली वरिष्ठांकडे. १९५९ मध्ये कचेरीत मावणारं झेरॉक्स यंत्र आलं तेव्हा निदान पानं फाडली जाणं कमी झालं. वार्षिकांनी दर्जा वाढवला हे खरंच, पण गेल्या वर्षीच्या विजेत्यांसारख्या दिसणाऱ्या जाहिरातींची रांगही त्यांनीच लावली.

त्यामागे फक्त आळस होता असं नाही. १९९१ च्या एका अभ्यासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना न सांडणारा पेला काढायला सांगितला. काहींना आधी एक नमुना दाखवला, त्यात नळी होती. सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की नळी वापरायची नाही. तरी नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत ती डोकावतच राहिली. बघितलेलं न बघितल्यासारखं करता येत नाही, आणि नमुन्यातले दोषही सोबत येतात.

इंटरनेटवरची पहिली काही वर्षं कात्रणवहीचीच होती. २००३ पासून दुवे साठवून त्यांना खुणेचे शब्द लावायची सोय झाली. २००७ मध्ये निमंत्रणावरच प्रवेश देणारं एक चित्रसंग्रहाचं स्थळ निघालं. तिथे लोक एकमेकांच्या नजरेवर विश्वास ठेवून चित्रं जमवत. दहा वर्षांनी ते बंद झालं. २०१० मध्ये चित्रं टाचून ठेवायची फळी निघाली. चित्र कुणाचं, हे मात्र तेव्हापासूनच गळायला लागलं. दहा ठिकाणी टाचलेल्या चित्राच्या मागे मूळ नाव राहीलच कसं? २०१३ च्या १ जुलैला सर्वांत जास्त वापरला जाणारा फीड-वाचक, म्हणजे आपण निवडलेल्या स्थळांवरचं नवं लिखाण एकत्र दाखवणारी सोय, बंद पडला, आणि २०१६ मध्ये एका मोठ्या चित्रमाध्यमाने काळाच्या क्रमाऐवजी आपल्या गणिताच्या क्रमाने चित्रं दाखवायचं ठरवलं. थोडक्यात, कात्री दुसऱ्याच्या हातात गेली. आधी आपण शोधायचो आणि वाटेत भलतंच सापडायचं. आता आपण थांबलो की आधी आवडलेल्यासारखंच पुढे येतं.

न्यूयॉर्कचं ते कात्रणांचं दालन २०२१ मध्ये पुन्हा चर्चेत आलं. उघड्या कपाटांतली पाकिटं आत हलवायची, मागणी केली तरच बाहेर काढायची, असं ठरत होतं. कागद जुने, हाताळणीने झिजणारे, म्हणजे कारण खोटं नव्हतं. पण चित्रकारांनी आणि लेखकांनी आवाज उठवला. हव्या असलेल्या पाकिटाच्या शेजारचं पाकीट हाताला लागणं, हाच त्या जागेचा उपयोग, असं त्यांचं म्हणणं. बेत मागे घेतला गेला.

दुसऱ्याच वर्षी शब्दांवरून चित्र काढणारी यंत्रं सर्वांसाठी खुली झाली. त्याच वर्षी अशा यंत्रांच्या शिकवणीसाठी खुला झालेला एक संच ५.८५ अब्ज चित्र-मजकुराच्या जोड्यांचा होता, जगातली सर्वांत मोठी स्वाइप फाइल. जानेवारी २०२३ पासून खटले सुरू झाले. यंत्रवाल्यांचा युक्तिवाद असा की माणूस बघून शिकतो तसंच यंत्र शिकतं. चित्रकारांचं उत्तर असं की ही सरळ उचल आहे, आणि फेडायचं कुणीच बोलत नाही. शैलीवर कुणाची मालकी नसते, प्रत्यक्ष कृतीवर असते, हे कायद्याचं जुनं तत्त्व दोन्ही बाजू आपापल्या सोयीने सांगतात. दरम्यान त्या संचात आपलं चित्र आहे का, हे तपासून देणारी सोयही निघाली. सकाळी दुसऱ्यांची कामं चाळायला बसणारे कित्येक जण तिथे स्वतःचं काम शोधू लागले.