अज्ञात सैनिक स्मृतिनाणी

अमेरिकेतील आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत असलेल्या अज्ञात सैनिकाच्या समाधीच्या स्मरणार्थ पाडण्यात येणारी, चलनमूल्य नसलेली नाणी. सैन्यात ‘चॅलेंज कॉइन’ म्हणून रूढ असलेल्या तुकडी-नाण्यांचा, म्हणजे तुकडीचे चिन्ह असलेल्या व तिच्या सदस्यांना दिल्या जाणाऱ्या नाण्यांचा, हा एक प्रकार होय.

तुकडी-नाण्यांच्या उगमाविषयी एकमत नाही. सर्वांत प्रचलित कथा पहिल्या महायुद्धातील आहे : एका श्रीमंत अमेरिकी अधिकाऱ्याने आपल्या विमानपथकासाठी कांस्यपदके करवून घेतली, पथकातील एक वैमानिक जर्मनांच्या हाती सापडला, ओळखपत्रे गमावून निसटला आणि फ्रेंच सैनिक त्याला घातपाती समजून ठार करण्याच्या बेतात असता गळ्यातील पदकामुळे वाचला. या कथेला तत्कालीन कागदपत्रांचा आधार नाही. तिला दंतकथा मानणेच योग्य. कोरियन युद्धात १७ व्या पायदळ रेजिमेंटचे कर्नल विल्यम क्विन यांनी गव्याचे चिन्ह असलेली नाणी पाडून घेतली, हा दुसरा पक्ष. १९६० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या अकराव्या विशेष दलातील एकाने जुन्या नाण्यांवर वेगळा ठसा उमटवला व ती कल्पना उचलून दहाव्या विशेष दलाने स्वतःची नाणी पाडली, हा तिसरा. या दोन पक्षांत तुकडी व काळ निश्चित सांगितलेले असल्याने ते अधिक ग्राह्य वाटतात. इतर दलांत प्रथेचा प्रसार बहुधा १९८० च्या दशकात झाला.

पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या, ओळख न पटलेल्या व फ्रान्समधून आणलेल्या अज्ञात सैनिकाचे दफन ११ नोव्हेंबर १९२१ रोजी झाले. त्यावरील संगमरवरी वास्तू १९३२ मध्ये पूर्ण झाली. तिचे शिल्पकार टॉमस हडसन जोन्स यांनी पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या विजयपदकाचेही रेखाटन केले. ज्याचे नाव व चेहरा कोणालाच ठाऊक नाही, त्याचे व्यक्तिचित्र नाण्यावर येणे शक्य नाही. म्हणून समाधीचा दर्शनी भाग, पहारेकरी आणि ‘केवळ ईश्वरालाच ज्ञात’ हा समाधिलेखातील अंश यांवरच रचनेचा भर असतो, आणि या नाण्यांचे गांभीर्य नेमके त्यातच आहे. १९४८ पासून पहारा तिसऱ्या पायदळ रेजिमेंटकडे आहे. पहारेकऱ्यांच्या बिल्ल्यावरील उलटी पर्णमाला शोकाची निदर्शक असून तीही काही नाण्यांवर आढळते.

व्हिएटनाम युद्धातील अज्ञात सैनिकाचे दफन १९८४ मध्ये झाले. तथापि १९९८ मध्ये जनुकीय चाचणीने तो वैमानिक मायकल ब्लासी असल्याचे सिद्ध झाले व ते दफनस्थान तेव्हापासून रिकामे ठेवण्यात आले. व्हिएटनामचा उल्लेख असलेल्या नाण्यांचा काळ ठरवताना हा बदल ध्यानात घ्यावा.

नाणी प्रायः पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची, सुमारे ४ सेंमी. व्यासाची व मीनाकाम केलेली असतात. हस्तांदोलन करताना तळहातातून नाणे सुपूर्द करण्याचा प्रघात आहे. ती खाजगी कारखान्यांतही तयार होत असल्याने केवळ धातू वा मीनाकामावरून कालनिश्चिती करणे धोक्याचे ठरते.