माळवद

माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर माती पसरून केलेले घराचे सपाट छप्पर. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या भागांत माळवद हा शब्द चालतो. खानदेश-विदर्भाकडे यालाच धाबे म्हणतात. हे कमी पावसाच्या पठारावरचे छप्पर आहे, कोकणात ते एक श्रावणही तग धरणार नाही.

खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे आडवे बारीक वासे, कड्यांवर लाकडाच्या चिपा आणि ऐपत नसेल तिथे तुराट्या-पऱ्हाट्या. त्यावर कडुनिंबाचा किंवा पळसाचा पाला आणि मग माती. खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, घराचे मापही खणांतच सांगतात. उजेड आत यावा, चुलीचा धूर बाहेर जावा म्हणून छपराला ठेवलेले भोक म्हणजे साणे किंवा सवणे.

माळवदाचे सारे इंगित मातीत आहे. शेतातली काळी माती उन्हाने भेगाळते, म्हणून ती इथे कामाची नाही. लागते ती पांढरी, जुन्या गावठाणाची, पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि पडक्या भिंती मुरलेली. या मातीसाठी गावोगावची पांढरीची टेकाडे खणली गेली आणि त्यांच्या पोटातल्या प्राचीन वस्त्यांच्या खुणाही पाट्यांतून छपरांवर गेल्या, ही हानी भरून येणारी नाही.

जाड मातीतून ऊन खाली झिरपायला कित्येक तास लागतात. वैशाखात बाहेर अंगाची काहिली होत असताना आत भर दुपारी गारवा असतो. रात्री माळवद तापलेले असले तरी माणसे वर उघड्यावर झोपतात. कुरडया-पापडांची वाळवणे तिथेच, आणि शेजारची माळवदे जोडलेली असली की गल्लीत न उतरता या घरातून त्या घरात जाता येते.

मात्र देखभाल चुकत नाही. घुशी बिळे करतात, गवताची मुळे वाटा पाडतात. पहिल्या मोठ्या सरीला कुठे थेंब पडतो ते बघून तिथे माती टाकून चोपण्याने ठोकायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. पावसाळ्याआधी नवा थर द्यायचा, आणि खरा धोका इथेच आहे. जुना थर न काढता नवा चढत जातो आणि काही घरांवर माती दोन फुटांच्या वर जाते. एवढ्या मातीचे वजन दर चौरस मीटरला टनाच्या आसपास भरते. दहा चौरस मीटरच्या खोलीत झोपलेल्यांच्या डोक्यावर दहा टन!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हे वजन मातीत रचलेल्या दगडी भिंतींना पेलले नाही. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तरीही सगळा दोष माळवदाला देणे बरोबर नाही. छपराचा भार खांबांवर होता अशा अनेक घरांत भिंती ढासळल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. भार थेट भिंतींवर होता तिथे छप्परच खाली आले.

भूकंपानंतर घरे बळकट करण्याच्या सूचनांत जादा माती उतरवून थर सुमारे २०० मिलिमीटरवर आणणे, खाली प्लास्टिकचा कागद अंथरणे, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार देणे आणि भिंतीच्या दोन्ही बाजू सांधणारे आरपार दगड बसवणे यांवर भर होता. पुनर्वसनात पुष्कळ गावे स्लॅब आणि पत्र्याकडे वळली. पत्रा हलका खरा, पण वैशाखात त्याच्याखाली दुपार काढणे कठीण जाते.