आधी लस नव्हती, मग लसीशिवाय वर्ग नव्हता : सातारा-सांगलीचे विद्यार्थी आणि कोविडची लस

कॉलेजच्या मुलामुलींना कोविड लसीबद्दल काय माहीत आहे आणि काय वाटतं, हे विचारणारे गूगल फॉर्म २०२१ मध्ये वर्गांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भरपूर फिरले. त्यांचे निष्कर्ष वाचताना फॉर्म कोणत्या महिन्यात भरला, हे बहुतेक वेळा कुणी बघत नाही. मे महिन्यात ‘लस घेतलेली नाही’ असं लिहिणारा आणि ऑक्टोबरात तेच लिहिणारा, या दोघांना एकाच खान्यात टाकलं की सगळं गणित चुकतं.

साथ आली की सरकारी सक्ती येते, हा अनुभव या भागाला जुना आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस बनवणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच वर्षी साथरोग कायदा झाला. पुण्यातल्या घरझडत्यांचा संताप जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या वधापर्यंत गेला. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हाच तेव्हा लोकांचा मुख्य उपाय होता. मार्च २०२० मध्ये राज्याने लागू केला तो हाच १८९७ चा कायदा.

२०२१ मध्ये कॉलेजात असलेल्या पिढीच्या दंडावर मात देवीच्या लसीचा व्रण नाही. देवीचा रोगच १९७५ नंतर देशात उरला नव्हता. या मुलांच्या लेखी लस म्हणजे पोलिओचे थेंब, आईने कपाटात जपलेलं कार्ड, शाळेतलं इंजेक्शन किंवा खिळा लागल्यावरचं धनुर्वाताचं. मोठ्या माणसाने धडधाकट असताना रांगेत उभं राहून लस घ्यायची, ही गोष्टच त्यांना नवी होती. आजाराची भीती नव्हती असं मात्र नाही. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या एकाच कुटुंबात रुग्ण वाढत गेले, तेव्हा अख्ख्या सांगली जिल्ह्याने धसका घेतला होता.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. १८ वर्षांवरच्यांचा नंबर १ मे रोजी लागला, पण नुसता कागदावर. या वयोगटाला आधी ऑनलाइन स्लॉट लागे, आणि तो उघडताच संपे. १२ मेच्या सुमारास राज्याने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं, कारण ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसलाच लस पुरत नव्हती. २१ जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांना मोफत लस दिली, तेव्हा कुठे गाडी हलली. त्या दोन महिन्यांतलं ‘नाही’ हे बहुतांशी पुरवठ्याचं होतं. त्याला नकार म्हणणं अन्यायाचं आहे.

मग वारं उलटं फिरलं. २० ऑक्टोबरपासून कॉलेजं उघडली, पण वर्गात बसायला दोन्ही डोस हवेत अशी अट आली. आता हिशेब करा. कोविशिल्डच्या दोन डोसांत किमान १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस. २० ऑक्टोबरला दुसरा डोस मिळायचा तर पहिला २८ जुलैच्या आत झालेला हवा. त्याच्या आदल्याच आठवड्यात सांगलीत कृष्णेचा पूर होता आणि साताऱ्याच्या पाटण तालुक्यात दरडी कोसळत होत्या. शिवाय ज्याला नुकताच कोविड होऊन गेला, त्याला बरं झाल्यावर तीन महिने थांबायला सांगितलं होतं. कोव्हॅक्सिनवाल्याला २८ दिवस पुरत. म्हणून ‘कुठली लस बरी?’ या प्रश्नामागे अनेकदा विज्ञान नसून कॅलेंडर होतं. १८ पूर्ण न झालेल्यांसाठी तर लसच ३ जानेवारी २०२२ ला खुली झाली, तीही फक्त कोव्हॅक्सिन.

अफवांमध्ये सगळ्यांत चिवट निघाली ती पाळीची : पाळीच्या पाच दिवस आधी आणि नंतर लस घेऊ नये. सरकारने एप्रिल २०२१ मध्येच ती खोडली, पण हॉस्टेलवर मुली तारखा मोजत राहिल्या तर नवल नाही, कारण मुळात विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. कोविशिल्डच्या कुपीत दहा डोस, आणि उघडल्यावर ती चार तासांत संपवायची. लस टोचणाऱ्या सिस्टरला शंकानिरसन करायला वेळ मिळणार कुठून! कोविशिल्ड घेतल्यावर रक्ताची गुठळी होण्याची भीती मात्र अफवेत काढता येत नाही. ती दुर्मीळ पण खरी होती, आणि ब्रिटनने तरुणांना वेगळ्या लसीचा पर्याय दिला होता. ती बातमी मोबाइलवर वाचलेल्या मुलाला ‘अडाणी’ ठरवलं की तो पुढचं काही ऐकत नाही.

फॉर्ममधल्या ‘माहिती’च्या प्रश्नांची तर वेगळीच गंमत. ‘कोविशिल्डचा दुसरा डोस कधी?’ याचं बरोबर उत्तर जानेवारीत चार ते सहा आठवडे, २२ मार्चनंतर सहा ते आठ, १३ मेनंतर बारा ते सोळा; आणि जूनपासून परदेशी शिकायला निघालेल्यांना २८ दिवसांनंतरही चालत होतं. म्हणून जुन्या फॉर्मची उत्तरतालिका आज वापरायची असेल तर प्रत्येक उत्तराशेजारी तारीख, विद्यार्थ्याचं त्या दिवशीचं वय, लसीचं नाव आणि आधी कोविड झाला होता का, हे चार रकाने आधी भरावेत. यातला एखादा रकाना रिकामा राहिला तर तो फॉर्म ‘माहिती नाही’ या ढिगात न टाकता बाजूला ठेवावा.