बातमीपत्र, रात्रीचे

दिवसाचे मुख्य बातमीपत्र होऊन गेल्यावर, त्याच दिवसाच्या घडामोडी पुन्हा हाती घेऊन त्यांचा अर्थ लावणारे दूरचित्रवाणीवरील बातमीपत्र. काही अभ्यासक रात्री दहानंतर लागणाऱ्या कोणत्याही बातम्यांना हे नाव देतात, तर काही साडेदहाची मर्यादा धरतात. घड्याळाचा हा निकष नागपूरसारख्या ठिकाणी फारसा उपयोगी पडत नाही. नागपूर आणि मुंबई यांची प्रमाणवेळ एकच असली, तरी रेखांशात सुमारे सव्वासहा अंशांचा फरक आहे. त्यामुळे नागपुरात सूर्य सरासरी २५ मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरात दूरदर्शनच्या मुंबई केंद्राच्या सातच्या मराठी बातम्या लागत, तेव्हा नागपुरात सूर्यास्त होऊन जवळपास दीड तास झालेला असे. म्हणून या नोंदीत वेळेपेक्षा कार्याला महत्त्व दिले आहे. मुख्य बातमीपत्राने बातमी सांगायची आणि रात्रीच्या बातमीपत्राने ती उलगडायची, हा तो भेद.

उगमाबद्दल मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये आयटीएन या वृत्तसंस्थेचे ‘न्यूज ॲट टेन’ आयटीव्ही वाहिनीवर ३ जुलै १९६७ रोजी सुरू झाले. अर्ध्या तासाचे हे बातमीपत्र आणि त्याच्या ठळक बातम्यांमधले बिग बेनचे ठोके यांचा उल्लेख बहुतेक इतिहासांत पहिल्यांदा येतो. मात्र ते स्वतःच त्या वाहिनीचे मुख्य बातमीपत्र होते, त्यामुळे वरील व्याख्येत बसत नाही. अमेरिकी लेखक हा मान एबीसी या तेथील वाहिनीच्या ‘नाइटलाइन’ला देतात. तेहरानमधील अमेरिकी दूतावास ४ नोव्हेंबर १९७९ रोजी ताब्यात घेतला गेला आणि आतल्या लोकांना ओलीस ठेवले गेले. त्यानंतर ८ नोव्हेंबरपासून एबीसीने रात्री साडेअकराला रोजचे विशेष वार्तांकन सुरू केले. आधी फ्रँक रेनॉल्ड्स आणि पुढे टेड कॉपेल ते सादर करीत. २४ मार्च १९८० रोजी त्याला ‘नाइटलाइन’ हे कायमचे नाव मिळाले. आरंभ यांपैकी कोणत्या तारखेला मानायचा, हा वाद जुनाच आहे. ओलीस ४४४ दिवसांनी, २० जानेवारी १९८१ रोजी सुटले. कार्यक्रम मात्र चालूच राहिला. ज्या संकटासाठी तो जन्मला त्याच्याशी त्याचा संबंध नामकरणानेच तुटला, म्हणून मार्चची तारीख अधिक ग्राह्य वाटते. बीबीसीचे ‘न्यूजनाइट’ याच्याही आधीचे, जानेवारी १९८० चे. परंतु पश्चिम जर्मनीत रात्री आठच्या ‘टागेसशाउ’ला पूरक म्हणून २ जानेवारी १९७८ पासून ‘टागेसथेमेन’ दाखवले जाऊ लागले होते. आठला बातमी आणि उशिरा तिची चर्चा, ही रचना तेथे प्रथम पक्की झालेली दिसते. पहिलेपणाचा मान द्यायचाच, तर तो टागेसथेमेनला द्यावा लागेल.

भारतात दूरदर्शनने १९६५ मध्ये दिल्लीहून दैनिक बातमीपत्र सुरू केले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे. देशभर एकाच वेळी पोहोचणारे रात्रीचे बातमीपत्र १५ ऑगस्ट १९८२ च्या राष्ट्रीय प्रसारणानंतरच शक्य झाले. त्याचा आधार असलेला इन्सॅट-१ए उपग्रह ६ सप्टेंबर १९८२ रोजी निकामी झाला आणि पुढची घडी ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडलेल्या इन्सॅट-१बी वर बसली. इन्सॅट योजनेतील कार्यक्रमांसाठी उभारलेल्या निर्मिती केंद्रांत नागपूरचाही समावेश होता. शहरात प्रक्षेपण होई ते सेमिनरी हिल्सवरील मनोऱ्यावरून. टेकडीला सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलेले नाव लोकांनी ठेवले आणि मनोऱ्याला नुसते ‘टीव्ही टॉवर’ म्हटले.

गच्चीवरच्या अँटेनाचे तोंड या मनोऱ्याकडे करावे लागे. ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांची ही अँटेना यागी पद्धतीची. तिचा रोख बराच हलला की चित्र विरते. उन्हाळ्यातल्या वादळात ती हमखास फिरायची. मग एकजण गच्चीवर पाइप धरून, दुसरा जिन्यात आणि तिसरा पडद्यासमोर अशी साखळी लागे. “आलं का?”, “आलं!”, “अरे, गेलं गेलं, जरासं मागे घे!” पडद्यावरच्या ठिपक्यांना ‘मुंग्या’ हा शब्द होता, तो तांत्रिक पुस्तकांत कधी आला नाही, पण दोष अचूक सांगणारा होता. मुंग्या म्हणजे संदेश क्षीण. एकाच निवेदिकेच्या दोन आकृत्या दिसल्या तर उंच इमारतीवरून परावर्तन. हिंदी ‘समाचार’ पावणेनऊच्या सुमारास आणि इंग्रजी बातम्या साडेनवाच्या आसपास लागत, तोवर ही डागडुजी उरकायची असे. इंग्रजी बातम्या संपल्या की घरोघरी दिवे मालवले जात, आणि याच काळात वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत शहर आवृत्तीची पाने सोडण्याची घाई चाललेली असे. डाक आवृत्ती आधीच रवाना झालेली असल्याने बाहेरगावच्या वाचकाला ताजी बातमी कागदावर नव्हे, पडद्यावर मिळे.

कार्याच्या निकषावर पूर्णपणे उतरणारे रात्रीचे बातमीपत्र हिंदीत आले ते ‘आज तक’. १७ जुलै १९९५ रोजी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ते सुरू झाले. वेळ रात्री दहाच्या सुमारास, लांबी २० मिनिटे, संपादक आणि निवेदक सुरेंद्र प्रताप सिंह. (याच नावाची २४ तासांची वाहिनी ३१ डिसेंबर २००० रोजी आली, दोन्हींची गल्लत टाळावी.) बातमीपत्र थेट नव्हे, आधी ध्वनिचित्रमुद्रित करून दिले जाई. नागपुरात मेट्रो वाहिनी प्रामुख्याने केबलवाल्याच्या कृपेने दिसे. ‘ये थीं ख़बरें आज तक, इंतज़ार कीजिए कल तक’ हे समारोपाचे वाक्य मराठी घरांतही तोंडपाठ झाले.

या बातमीपत्राचे सामर्थ्य २१ सप्टेंबर १९९५ च्या प्रसंगातून कळते. त्या दिवशी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी वार्ता देशभर पसरली आणि मंदिरांपुढे रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून पृष्ठताणाचा परिणाम दाखवला. ‘आज तक’ने मोच्याची लोखंडी तिवईही तसेच दूध ‘पिताना’ दाखवली. युक्तिवाद न करता एकाच दृश्याने केलेला हा खुलासा होता. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ ज्या नागपुरात रुजली, तेथील प्रेक्षकाला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. सिंह यांचे २७ जून १९९७ रोजी निधन झाले.

नागपूरच्या बातमीचा विचार करताना हिवाळी अधिवेशन टाळता येत नाही. विदर्भाने महाराष्ट्रात सामील होण्याबाबतच्या, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातून आलेल्या या प्रथेने दरवर्षी काही दिवस राज्याच्या राजधानीची बातमी येथे येते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच काळात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. ‘आज तक’ सुरू व्हायला तेव्हा सुमारे आठ महिने होते. त्या रात्री हे सारे कसे घडले, हे उलगडून दाखवणाऱ्या बातमीपत्राची नागपूरला जितकी गरज होती तितकी क्वचितच कधी असेल. सीताबर्डीतील उड्डाणपूल आज गोवारी शहिदांच्या नावाने आहे.

मराठीत २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ (२०१२ पासून ‘एबीपी माझा’) तर २००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’ या वाहिन्या आल्या. चोवीस तास बातम्या असल्याने मुख्य बातमीपत्र आणि रात्रीचे बातमीपत्र यांतील सीमा पुसट झाली, आणि त्याबरोबर दिवस संपल्यावर थांबून विचार करण्याची जागाही आक्रसली. मेट्रो वाहिनीची जागा ३ नोव्हेंबर २००३ रोजी ‘डीडी न्यूज’ने घेतली होती.