मालिका आपली, मोजणी दुसरीकडची

बेळगावच्या वडगावात माझ्या आत्याच्या घरी मागाच्या हिशेबाची एक वही आहे. पुढच्या पानांवर कुणाच्या किती साड्या उतरल्या, किती मजुरी द्यायची ते. शेवटच्या पानावर मात्र मालिकांच्या वेळा. सात, साडेसात, आठ, असे आकडे आणि पुढे नावे, बरीचशी खोडलेली. वेळ बदलली की आत्या जुनी ओळ खोडते आणि खाली नवी लिहिते. मालिका संपली की नुसती रेघ. ते पान पाहिले की एकच प्रश्न पडतो : या रेघा कोण मारायला लावतो, आणि त्याला बेळगाव दिसते का?

दूरदर्शनच्या काळात हा कारभार सरळ होता. मालिका तेरा भागांची मंजूर होत असे. चालली तर मुदतवाढ, नाही तर राम राम. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालेले ‘रामायण’ ठरले होते ५२ भागांचे, वाढत वाढत ७८ भागांवर गेले. तेही लवकर संपते आहे म्हणून १९८८ मध्ये उत्तर भारतात वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला आणि पुढची लव-कुशाची कथा काढणे भाग पडले. प्रेक्षकांनी मुदतवाढ मिळवल्याचे एवढे ठळक उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पण ती गोष्ट हिंदीची. मराठीपुरते पाहिले तर सीमाभागाची अडचण तेव्हापासूनच होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. मराठी नाटके, गप्पा, मालिका सगळे तिथून. प्रादेशिक कार्यक्रम मात्र राज्याप्रमाणे मिळत, आणि बेळगाव १९५६ पासून कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात). त्यामुळे संध्याकाळी आमच्या पडद्यावर बंगळूरचे कन्नड कार्यक्रम लागत. ते आम्ही आवडीने पाहिले, त्याबद्दल तक्रार नाही. मुंबईच्या मराठी कार्यक्रमांची चर्चा मात्र कोल्हापूर-सांगलीचे पाहुणे आले की त्यांच्याकडून ऐकायची.

हे बदलले उपग्रह वाहिन्यांमुळे. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आली (आजची झी मराठी), पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह. केबलची तार घरात आली आणि पहिल्यांदाच पुण्यात जे लागते ते त्याच मिनिटाला बेळगावच्या शहापूर-अनगोळला लागू लागले. दैनंदिन मालिकांना तेरा भागांचा हिशेब उरला नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. शेवट आधी ठरलेला नसला की मग तो ठरवायला आकडा लागतो, आणि तो आकडा म्हणजे टीआरपी.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण खरी गोम इथेच आहे. निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर लावायचा, कोण काय पाहते ते नोंदवायचे आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत. २०१५ पासून हे काम बार्क (ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल) ही संस्था करते. त्याच वर्षी ग्रामीण भागही मोजणीत आला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या मातीतली ‘तुझ्यात जीव रंगला’ आली आणि मग गावाकडच्या मालिकांची रांग लागली. मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. जो मोजला जातो, त्याची भाषा पडद्यावर येते.

आता बार्कची मराठी वाहिन्यांची साप्ताहिक यादी पाहा. तिथे बाजारपेठ लिहिलेली असते महाराष्ट्र आणि गोवा. कन्नड वाहिन्यांसाठी कर्नाटक. म्हणजे टिळकवाडीतल्या एखाद्या मराठी घरात मीटर असलाच, तरी ते घर कर्नाटकात जमा. त्या घराने रोज रात्री मराठी मालिका पाहिली, तरी ज्या यादीवर त्या मालिकेचे भवितव्य ठरते त्या यादीत ते नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांवर होती आणि त्यात साधारण १८ टक्के लोकांची मातृभाषा मराठी. एवढी माणसे रोज पाहतात, आणि मालिका राहावी की जावी यात त्यांचे मत शून्य. जाहिरातदार राज्याप्रमाणे माल विकतो म्हणून बाजारपेठाही राज्याप्रमाणे, हे कारण मला कळते. पटत नाही.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे नवे दर लागू झाले, हवी ती वाहिनी निवडून तिचेच पैसे द्यायचे. चांगली गोष्ट. पण आमच्या केबलवाल्याने जे पॅक हातात ठेवले त्यात कन्नड वाहिन्या भरपूर आणि मराठी वाहिन्यांचे पैसे वेगळे. आत्याने दोनच घेतल्या. वहीच्या त्या पानावरच्या चार ओळी त्या एका दिवसात खोडल्या गेल्या.

वेळ बदलणे हेही बंद करण्याइतकेच असते, हे मला तिच्याकडेच कळले. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ पासून संध्याकाळी साडेसातला लागे. त्या वेळेला आत्याकडचे माग थांबत, सगळे हातपाय धुऊन टीव्हीसमोर. मार्च २०२४ मध्ये मालिका दुपारी अडीचला गेली. अडीचला माग जोरात असतात. खटखटीत बोललेले ऐकू येत नाही, नुसती तोंडे हलताना दिसतात. आत्याने आठवडाभर तसेच पाहिले आणि मग सोडून दिले. नोव्हेंबरमध्ये मालिका संपली तेव्हा रेघ मारायची राहून गेली होती.

सीमेवर राहण्याचा एक फायदाही सांगायला हवा. कन्नड मनोरंजन क्षेत्रात डबिंगला वर्षानुवर्षे विरोध राहिला, त्यामुळे बाहेरची गोष्ट आवडली की तिची कन्नड आवृत्ती नव्याने करायची पद्धत पडली. ‘तुझ्यात जीव रंगला’ची ‘जोडी हक्की’ झाली. ‘तुला पाहते रे’ ऑगस्ट २०१८ ला सुरू होऊन जुलै २०१९ ला वर्षाच्या आतच संपली. आत्या हळहळली. सप्टेंबरात झी कन्नडवर ‘जोते जोतेयली’ सुरू झाली. पहिल्याच भागात ती म्हणाली, “अगं, ही तर आपलीच की!” आणि वहीत वेळ लिहिली. ती मालिका २०२३ पर्यंत चालली. त्या पानावर इतकी वर्षे न खोडता राहिलेली ती एकच ओळ, आणि ती कन्नड मालिकेची. बार्कच्या कन्नड यादीत मात्र आत्या मोजण्यासारखी होती.