कंडम गाडी उभी करताना : गोव्यातील जुन्या लष्करी ट्रकांची पार्श्वभूमी

जुनी लष्करी गाडी लिलावातून किंवा भंगारवाल्याकडून विकत घ्यायची आणि ती ‘उभी करायची’, ही हौस गोव्यात आता बऱ्यापैकी रुजली आहे. शब्द गॅरेजवाल्यांचा आहे. टायर बसलेले, हौद्यात गवत उगवलेले, अशा अवस्थेतील गाडी टोचन करून आणायची आणि पुन्हा तिच्या स्वतःच्या चाकांवर रस्त्याला लावायची, एवढाच त्याचा अर्थ आहे. ती मूळ होती तशी करायची की आपल्याला हवी तशी घडवायची, हा भेद त्या शब्दात नाही. हौशी मंडळींचे वाद मात्र याच भेदावरून होतात आणि परिवहन खात्याचे नियमही त्याच्याचभोवती फिरतात. या गाड्या लष्कराबाहेर कशा आल्या आणि गोव्यात त्यांच्यावर हात कोणाचे फिरले, हे पाहिल्याशिवाय तो वाद समजत नाही.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागते. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी भारतात उतरवलेल्या वाहनांत अमेरिकन जीप, डॉज आणि जीएमसी गाड्या होत्या. पण ब्रिटिश आणि भारतीय तुकड्यांचा मोठा भार वाहिला तो कॅनडात फोर्ड आणि शेवरोले कंपन्यांनी बनवलेल्या आखूड नाकाच्या ट्रकांनी. एकाच लष्करी आराखड्यावर बेतलेले असे ट्रक ४ लाखांहून अधिक बनले. १९४५ साली युद्ध संपले आणि ही वाहने सरकारला नकोशी झाली. मग ती विकण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली, आणि स्वातंत्र्यानंतरही केंद्र सरकारच्या खरेदी खात्याच्या नावातच ‘पुरवठा व विल्हेवाट’ असे जोडशब्द राहिले. भंगार बाजारात आजही कानावर येणारा ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग त्याच व्यवहाराचा वारसा आहे. पश्चिम बंगालमधील पानागढला युद्धकाळात दोस्तराष्ट्रांचा विमानतळ होता; तिथल्या महामार्गालगतचा सुट्या भागांचा बाजार जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो.

गोवा त्या वेळी या बाजाराच्या बाहेर होता. पोर्तुगीज अमलामुळे इथली वाहने मुरगाव बंदरातून, थेट परदेशातून येत, आणि १९५४-५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर तर सीमेपलीकडून काही येण्याचा मार्गच आक्रसला. एक बारीकशी गोष्ट मात्र पुढे उपयोगी पडली. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहन चालवण्याचा नियम केला, तेव्हा शेजारच्या ब्रिटिश मुलखामुळे गोव्यात डावी बाजूच कायम ठेवण्यात आली. त्यामुळे डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय लष्कराच्या गाड्या आत आल्या तेव्हा बाजू बदलण्याचा प्रश्न आलाच नाही.

त्या गाड्या आल्या त्या बेळगावच्या बाजूने. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या १७ इन्फंट्री डिव्हिजनची मुख्य चाल अनमोडच्या घाटातून उतरली, तर ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गाकडून आत शिरली. पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उडवले होते. त्यामुळे पणजीचा शेवटचा टप्पा चाकांवर झालाच नाही. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी सैन्याची एक तुकडी बेतीला पोहोचली, समोर मांडवी आणि पलीकडे पणजी, आणि १९ तारखेच्या सकाळी जवान नदी ओलांडून गेले ते होड्यांतून. मोहीम दीड-दोन दिवसांत आटोपली, पण लष्कर गोव्यात कायमचे राहिले. बांबोळीचा सिग्नल्सचा, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलाचा तळ आणि दाबोळीचा नौदलाचा विमानतळ यांमुळे हिरवा ट्रक हे इथल्या रस्त्यांवरचे रोजचे दृश्य झाले.

तो हिरवा ट्रक बहुतेक वेळा ‘शक्तिमान’ असे. व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, १९५८ साली, जर्मनीच्या ‘मान’ (MAN) या ट्रक बनवणाऱ्या कंपनीशी परवाना करार झाला आणि पुढच्याच वर्षी जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिला शक्तिमान बाहेर पडला. पुढे त्यासाठी जबलपूरलाच स्वतंत्र वाहन कारखाना निघाला. चारही चाकांना जोर, सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन, मागे ताडपत्रीचा हौदा, असा हा ट्रक १९९६ पर्यंत बनत राहिला. त्याची धाकटी भावंडे निस्सानच्या परवान्यावरची : ‘वन टन’ मालवाहू आणि जीपसारखी ‘जोंगा’. जोंगा हे नाव जपानी वाटते, पण ते जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांचे आहे. या दोन्ही गाड्यांना जवळजवळ चार लिटरचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. लष्कराला तेलाचा हिशेब वेगळा. खासगी मालकाच्या खिशाला मात्र ते इंजिन कधीच परवडले नाही, आणि पुढच्या साऱ्या फेरफारांचे मूळ याच इंजिनात आहे. जोंगाचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. शक्तिमानची जागा अशोक लेलँडच्या ‘स्टॅलियन’ने आणि टाटांच्या गाड्यांनी घेतली, आणि नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत जबलपूरचा जुना माल लिलावात ढिगांनी दिसू लागला.

लष्करी गाडी बाहेर पडते कशी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने परवडेनासा झाला की ती कंडम ठरते, तिच्यावरची तुकडीची चिन्हे पुसली जातात आणि ती लॉटमध्ये, म्हणजे इतर मालाबरोबर एकगठ्ठा, लिलावाला लागते. १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी असे लिलाव आता ऑनलाइन घेते. लॉट म्हणजे लॉटच असतो. त्यात एक धडधाकट चॅसी, दोन सांगाडे आणि दरवाजांचा ढीग असे काहीही असू शकते, आणि सुटी गाडी हवी असलेला माणूस शेवटी लॉट उचलणाऱ्या भंगारवाल्याच्याच दारात जातो. गोवेकरांना त्यासाठी बहुधा बेळगाव किंवा पुणे गाठावे लागते. लष्करात असेपर्यंत गाडीवर वर टोक केलेल्या बाणाची पाटी असते. त्या बाणानंतरचे दोन आकडे गाडी कोणत्या साली घेतली ते सांगतात. हा बाण ब्रिटिश काळात सरकारी मालमत्तेची खूण होता. मोटार वाहन कायद्याच्या ६० व्या कलमानुसार अशा गाड्यांची नोंदणी संरक्षण खात्याकडे होते आणि गाडी त्या कामातून निवृत्त झाली की तिला सामान्य नोंदणीचे नियम लागू होतात. कागदाच्या दृष्टीने वीस-पंचवीस वर्षे राबलेला ट्रक गोव्याच्या जीए मालिकेचा क्रमांक मागायला येतो तेव्हा तो जणू आजच जन्मलेला असतो. विक्रीचे मूळ पत्र हरवले, तर मात्र तो जन्मतच नाही. चांगला ट्रक कागदाअभावी कापून विकावा लागल्याची उदाहरणे या धंद्यातला कोणीही सांगेल.

गोव्यात ही हौस टिकली याचे श्रेय माझ्या मते लष्करापेक्षा खाणींना जाते. १९५० च्या दशकात जपानच्या मागणीमुळे लोहखनिजाची निर्यात वाढली आणि दिचोली, सांखळीपासून सांगे, केपेपर्यंत खाणीतून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यावरून बार्जने मुरगावला, अशी वाहतुकीची साखळी तयार झाली. तिच्या पहिल्या टप्प्यावर ट्रक होते. लाल धुळीत, चढ-उतारांवर, दिवसातून कितीतरी खेपा मारणाऱ्या त्या ट्रकांनी तिस्क, धारबांदोडा, सावर्डे, कुडचडे या भागात पाटे बदलणारे, चाकांना जोर वाटून देणारे डिफ्रन्शियल उघडणारे, चॅसीला वेल्डिंग करणारे मिस्त्री घडवले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक अंगणात उभे राहिले आणि त्यांच्यावर पोट असलेल्या या मिस्त्रींचे काम एकदम आटले. अवजड गाडीची नस ओळखणारा माणूस रिकामा, आणि हौशी माणसाच्या दारात अवजड गाडी आजारी : हा योग कोणाच्या दुर्दैवातून जुळला हे विसरून चालणार नाही. कुळ्याहून दूधसागरला ओहोळांतून जाणाऱ्या जीपगाड्यांनीही चार चाकांच्या जोराचे ज्ञान या पट्ट्यात जिवंत ठेवले आहे.

उसगावच्या बाजूला अशाच एका गॅरेजमागच्या शेडमध्ये मी एका शक्तिमानचा दरवाजा खरवडला जाताना पाहिला. वरचा थर कोण्या ठेकेदाराचा पिवळा. त्याखाली रेड ऑक्साइड. त्याखाली हिरव्याचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित गडद. दरवाजाच्या खालच्या कडेला, जिथे पावसाचे पाणी साचते, तिथे रंगच काय पत्राही उरला नव्हता, स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. गोव्याचा चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा यांपुढे कोकणाबाहेरून आलेली कोरडी गाडीसुद्धा दोन वर्षांत हात टेकते. म्हणून जाणता माणूस आधी रंग पाहत नाही, चॅसीचे सांधे हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. ट्रकच्या मागे वाकून मिस्त्रीने मला डिफ्रन्शियलचा गोळा दाखवला. तो पांढरा रंगवलेला होता आणि त्याच्या वर एक लहानसा दिवा. रात्री ताफा दिवे बंद ठेवून चालला, तर मागच्या चालकाने फक्त या पांढऱ्या गोळ्यावर नजर ठेवून अंतर राखायचे, अशी ती योजना. ठेकेदाराने सगळा ट्रक पिवळा केला, पण तो गोळा तसाच सोडला होता. हौद्याच्या फळ्या मात्र कुजल्या होत्या. त्या मिस्त्रीने होड्या बांधणाऱ्या सुताराकडून माट्याच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडात करून घेतल्या, आणि त्या मूळ फळ्यांपेक्षा सरस दिसत होत्या हे कबूल केले पाहिजे.

मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांची अडचण इथेच सुरू होते. नागरी आयुष्यात आलेल्या बहुतेक जोंगा आणि वन टन गाड्यांचे पेट्रोल इंजिन कधीच काढले गेले आणि तिथे एखादे डिझेल इंजिन बसले. तसे झाले नसते तर त्या इतकी वर्षे चालल्याच नसत्या. कायदा ही व्यावहारिक शहाणीव मानत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत आणि इंजिन किंवा इंधन बदलायचे तर मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचले. जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांनी ५० वर्षांवरील दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी देऊ केली खरी, पण मूळ रूप आणि मोठा फेरफार नसणे या अटींवर, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई करून. म्हणजे अस्सल गाडी मिरवायची, वापरायची नाही. आणि वापरून टिकलेली गाडी अस्सल ठरायची नाही.

त्यावर कडी आहे ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाची. संरक्षण खात्याची वाहने आणि शेतीचे ट्रॅक्टर वगळता कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. लष्करी ट्रक अगदी होता तसा करायचा म्हटले, तर सर्वांत आधी दिसणारी गोष्टच करता येत नाही. म्हणून गोव्यात उभे राहिलेले हे ट्रक वाळूच्या, राखाडी किंवा बाटलीच्या गडद हिरव्या रंगात दिसतात.

उसगावच्या त्या शक्तिमानला मालकाने तपकिरी रंग दिला आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूला मात्र हातभर पत्रा त्याने खरवडलेल्या हिरव्यावरच ठेवला असून त्यावर फक्त पारदर्शक लॅकरचा हात मारला आहे. पांढरा गोळा आहे तिथेच आहे. त्याच्या वरच्या दिव्याला नवी वायर तेवढी जोडायची राहिली आहे.