ओएलईडी टीव्ही आणि पडद्यावरचा डाग

‘ओएलईडी घेऊ नका, चॅनेलचा लोगो पडद्यावर कायमचा छापला जातो,’ असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. भीती अगदीच निराधार नाही. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल (चित्राचा बारीक ठिपका) स्वतः उजळतो आणि वापराने थोडा थोडा झिजतो. एकाच जागी तेच भडक चित्र रोज तासन्‌तास राहिलं, तर तिथली झीज जास्त होते, तोच डाग. कार्यक्रम बदलत राहिले तर झीज सगळीकडे सारखी पसरते. एलसीडीत उजेड मागच्या दिव्यांचा, म्हणून तिथे हा धोका नगण्य.

तपासायचंय? पूर्ण पडदा करडा करून पाहा. दिसलेली सावली थोड्या वेळाने विरली, तर ती तात्पुरती. आणि टीव्ही रिमोटने बंद केल्यावर लगेच भिंतीवरचं बटण दाबू नका. झीज सारखी करणारी पडद्याची आपोआप होणारी दुरुस्ती स्टँडबायमध्येच (रिमोटने बंद, पण वीज चालू) चालते. दिवसभर बातम्यांचं एकच चॅनेल लावत असाल, तर मात्र एलसीडीच घ्या.